‘ही मुलगी कोणाची ?’

आपल्याकडे एखादें अनोळखी पोर दारांत येऊन उभें राहिलें, तर घरांतील आजीबाई त्याला प्रथम नांव विचारीत नाहींत. ‘तूं कोणाचा रे?’ असेंच विचारतात. बापाचें नांव कळलें, कीं आळी, गांव, आजोबांचा स्वभाव आणि घराण्यांतील जुना तंटा हें सर्व त्यांच्या ध्यानांत येतें, आणि त्या पोराविषयीं आणखी कांहीं जाणून घेण्याची त्यांना गरज उरत नाहीं. सन २०१५ च्या डिसेंबरपासून सन २०१७ च्या डिसेंबरपर्यंत जगांतील लक्षावधि सुशिक्षित माणसें एका कल्पित मुलीविषयीं नेमका हाच प्रश्न विचारीत होतीं. मुलीचें नांव रे. ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालेंतील सातव्या चित्रपटाची ती नायिका. आमच्या घरींहि हा विषय जेवणाच्या पानावर निघे. आमची भाची ती मुलगी ल्यूक स्कायवॉकरची असें सिद्ध करी. तिचा धाकटा भाऊ ती ओबी-वानची नात असल्याचे दाखले देई. आणि आम्ही वयाला शोभेल असें मौन धरून मनांतून भाचीच्या पक्षाचे होतों.

ही चित्रपटमाला ज्यांनीं पाहिली नसेल अशा वाचकांसाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. जॉर्ज ल्यूकस या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘स्टार वॉर्स’ हा पहिला चित्रपट ता. २५ मे १९७७ रोजीं प्रसिद्ध झाला. आकाशगंगेवर सत्ता गाजविणारें एक क्रूर साम्राज्य, त्याचा काळ्या शिरस्त्राणांतील सेनानी डार्थ व्हेडर, आणि त्याच्याविरुद्ध उठलेला, शेतकऱ्याच्या घरीं वाढलेला तरुण ल्यूक, ही त्याची कथा. तिचे पुढील दोन भाग सन १९८० व १९८३ मध्यें आले. सन १९९९, २००२ व २००५ च्या तीन चित्रपटांत ल्यूकसनें मागची कथा सांगितली. आणि सन २०१२ मध्यें त्याची संस्था डिस्ने कंपनीनें सुमारें चार अब्ज डॉलर्सना विकत घेतल्यावर सन २०१५, २०१७ व २०१९ मध्यें पुढची कथा तीन भागांत आली. बेचाळीस वर्षें व नऊ चित्रपट एवढा हा विस्तार. उपकथा, कादंबऱ्या आणि दूरचित्रवाणीवरील मालिका निराळ्याच. एवढ्या मोठ्या वस्त्रांत कोठें धागा सुटलेला, कोठें ठिगळ विजोड लागलेलें असणारच. तो सुटा धागा धरून ‘येथें खरें काय घडलें असावें’ हें चित्रपटांतल्याच पुराव्यावरून जुळविणें, याला या मालेच्या भक्तमंडळींत ‘थिअरी’ म्हणतात. आपल्या टीकाकारांचा ‘उपपत्ति’ हा जुना शब्द आम्हांस अधिक आवडतो, आणि पुढें आम्ही तोच वापरूं.

हा उद्योग पोरकट आहे असें म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. आमचें मत तसें नाहीं. चार्ल्स डिकन्स सन १८७० मध्यें वारला तेव्हां त्याची ‘एडविन ड्रूड’ ही कादंबरी निम्मीच लिहून झाली होती. ड्रूड मेला कीं जिवंत आहे हेंहि तींत निश्चित झालें नव्हतें. त्याविषयींच्या उपपत्तींचें प्रस्थ इतकें माजलें कीं सन १९१४ च्या जानेवारींत लंडन येथें जॉन जॅस्पर या संशयित पात्रावर एक लटका खटलाच चालविण्यांत आला. चेस्टरटन न्यायाधीश झाला आणि बर्नार्ड शॉ ज्यूरीचा म्होरक्या. ज्यूरीनें मधला मार्ग काढून सदोष मनुष्यवधाचा निर्णय दिला, तेव्हां न्यायाधीशमहाशयांनीं स्वतःखेरीज सर्वांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दंड ठोठावला. उलट पक्षीं, लेडी मॅक्बेथला मुलें किती होतीं हा प्रश्न एल. सी. नाइट्स या टीकाकारानें सन १९३३ मध्यें आपल्या निबंधाच्या मथळ्यावरच घातला, तो ब्रॅड्लेच्या पंथांतील टीकेची थट्टा करण्यासाठीं. नाटकांतील पात्रांना नाटकाबाहेरचें आयुष्य बहाल करूं नये, एवढें त्याचें म्हणणें. वाद जुना आहे, आणि तो चित्रपटांनीं निर्माण केलेला नाहीं.

आपल्याकडील उदाहरण तर याहून गंभीर आहे. इरावतीबाई कर्वे यांनीं ‘युगान्त’मध्यें (१९६७) विदुर हाच धर्मराजाचा जनक असावा काय, ही शंका महाभारतांतल्याच पुराव्यावरून घेतली आहे. विदुर हा यमधर्माचा अंश. धर्मराज हा धर्माचा पुत्र. आणि वनांत देह ठेवतांना विदुर योगबळानें धर्मराजाच्याच शरीरांत प्रवेश करतो. शंका पटो वा न पटो, ती वाचल्यावर आश्रमवासिक पर्वांतील ती भेट पूर्वीसारखी वाचतां येत नाहीं. एका कृश, अबोल, झाडाला टेकलेल्या म्हाताऱ्याकडे आपण निराळ्याच डोळ्यांनीं पाहूं लागतों. आमच्या मतें हीच उपपत्तीची कसोटी. ती खरी निघाली कीं खोटी, कर्त्याच्या मनांत ती होती कीं नव्हती, हे प्रश्न दुय्यम होत. ती मान्य केल्यावर मागें वाचलेलें वा पाहिलेलें वाढतें कीं घटतें, हें पाहावें. आणि कर्त्यानें स्वतः दिलेल्या उत्तरासहि हीच कसोटी लावावी. कर्ता झाला म्हणून तिच्यांतून त्याची सुटका नाहीं.

किरकोळ कोड्यांपासून आरंभ करूं. पहिल्याच चित्रपटांत हॅन सोलो हा चोरट्या मालाची ने-आण करणारा नावाडी आपल्या जहाजाचा वेग सांगतांना, अमुक प्रवास बारा पार्सेकांहून कमी पार्सेकांत केला, अशी फुशारकी मारतो. पार्सेक हें अंतराचें माप आहे, काळाचें नव्हे. भक्तांनीं ती चूक चूक म्हणून राहूं दिली नाहीं. त्या वाटेवर कृष्णविवरें आहेत, नावाडी जितका धाडसी तितका तो त्यांच्या जवळून जाणार आणि तितकी त्याची वाट आंखूड होणार, असें समर्थन त्यांनीं रचलें. आणि सन २०१८ च्या ‘सोलो’ या चित्रपटांत थोड्याफार फरकानें तसेंच समर्थन पडद्यावर आलें. चातुर्य आहे खरें. पण त्यानें झालें काय? एक थापाड्या मनुष्य विनाकारण सत्यवादी ठरला. उलट, एवढा अजस्र युद्धगोल एका लहानशा छिद्रांतून उडवितां यावा, हा पहिल्या चित्रपटांतील दुबळा सांधा सन २०१६ च्या ‘रोग वन’नें चांगला भरून काढला. साम्राज्यानें बळजबरीनें कामास लावलेल्या गॅलेन अर्सो या शास्त्रज्ञानें तें वैगुण्य मुद्दाम ठेविलें होतें, आणि त्याच्या मुलीनें तो नकाशा मिळवितांना प्राण दिला. हें कळल्यावर सन १९७७ चा तो नेम केवळ ल्यूकचा राहत नाहीं. दोन मेलेल्या माणसांचें काम तो पुरें करतो.

भक्तांच्या उपपत्तींत आम्हांस सर्वांत रमविणारी म्हणजे जार जार बिंक्सची. सन १९९९ च्या ‘द फँटम मेनेस’मधील हें लांब कानांचें, अडखळणारें, बोबड्या बोलीचें विदूषकपात्र प्रेक्षकांच्या इतकें डोळ्यांत सललें कीं तें काम करणाऱ्या अहमद बेस्ट या नटाला अपरिमित हेटाळणी सोसावी लागली, आपण त्या वेळीं जीव देण्याच्या विचारापर्यंत गेलों होतों असें त्यानें सन २०१८ मध्यें जाहीरपणें सांगितलें. सन २०१५ च्या शरदांत या पात्राविषयीं एक उपपत्ति निघाली, ती अशी कीं जार जार मूर्ख नाहींच. तो मूर्खाचें सोंग घेतलेला दुष्ट मांत्रिक असून सम्राट् पॅल्पटीन याचा गुप्त साथीदार आहे. पुरावा पाहा. जार जार धडपडतो तेव्हां प्रत्येक वेळीं हानि शत्रूचीच होते. त्याचें धडपडणें चिनी मल्लविद्येंतील, झिंगलेल्या माणसाची नक्कल करणाऱ्या डावांसारखें आहे. तळ्यांत उडी घेतांना हाच गबाळा प्राणी कसलेल्या कसरतपटूप्रमाणें हवेंत कोलांटी घेतो. दुसऱ्याचें मन वळवितांना त्याचे हात जेडाय योद्ध्यांसारखे हलतात. दुसरीं माणसें बोलत असतां मागें त्याचे ओठ हालतात. तो आणि पॅल्पटीन एकाच ग्रहावरचे. आणि सन २००२ च्या चित्रपटांत, पॅल्पटीनला आणीबाणीचे सर्वाधिकार द्यावेत, असा ठराव सभागृहांत कोण मांडतो ? जार जार ! शिवाय योडा हा थोर गुरुहि सन १९८० मध्यें प्रथम एका चाळे करणाऱ्या विदूषकाच्या रूपानेंच ल्यूकपुढें आला होता. तेव्हां त्याचें काळें प्रतिबिंब तशाच रूपानें यावें, हेंहि सुसंगत.

भाचीनें हें सर्व सांगितलें तेव्हां आम्ही मनमुराद हंसलों, आणि त्याच रात्रीं चित्रपट पुनः लावून बसलों. कबूल करावयास हरकत नाहीं, कीं तो चित्रपट आम्हांस एवढा लक्षपूर्वक पाहतां आला तो हीच एकदां. कंटाळवाण्या पाऊण तासांत जीव आला. या दृष्टीनें उपपत्ति कसोटीस उतरते. पण त्या ठरावाच्या प्रसंगापाशीं मात्र ती आम्हांस खटकते. जार जार दुष्ट असेल, तर प्रजासत्ताक एका कपटानें बुडालें एवढेंच होतें. तो जसा दिसतो तसाच भाबडा, भल्या हेतूचा, मोठ्या माणसांनीं पाठीवर हात ठेवतांच उभा राहून ठराव मांडणारा असेल, तर तो प्रसंग फार अधिक भयंकर आहे. राज्यें बुडविण्यास प्रत्येक आसनावर खलपुरुष बसावा लागत नाहीं, हें ल्यूकसनें त्या चित्रपटांत, आपल्या नेहमींच्या ओबडधोबड रीतीनें कां होईना, दाखविलें होतें. उपपत्तीच्या नादांत तेवढें मात्र हातचें जातें.

आतां मूळ गोष्टीकडे येऊं. सन १९८० च्या ‘दि एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्यें व्हेडर ल्यूकचा हात तोडतो, आणि मीच तुझा पिता असें त्याला सांगतो. पुढील साऱ्या उपपत्तींचें हें उगमस्थान. परंतु या क्षणाचें मर्म असें कीं तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. पहिल्या चित्रपटांत ओबी-वान ल्यूकला सांगतो कीं व्हेडरनें तुझ्या बापाला मारलें. ल्यूकनें तें मानलें, प्रेक्षकांनींहि मानलें. फार काय, कर्त्यानेंहि मानलें होतें ! ली ब्रॅकेट या लेखिकेनें सन १९७८ च्या आरंभीं लिहिलेल्या पहिल्या मसुद्यांत ल्यूकचा पिता व्हेडरहून वेगळा असून त्याचा मृतात्मा मुलाला भेटावयास येतो. त्याच वर्षीं मार्चमध्यें ब्रॅकेटबाई निवर्तल्या, आणि ल्यूकसनें स्वतः मसुदा लिहावयास घेतला तेव्हां या दोन व्यक्ति एक झाल्या. डच भाषेंत त्याच अक्षरांचा अर्थ पिता असा होतो, तेव्हां बीज सन १९७७ मध्येंच पेरलेलें होतें, असें छातीठोकपणें सांगणारे भक्त अद्याप भेटतात. त्यांना हा मसुदा दाखवावा.

रहस्य जपलें गेलें तेंहि विलक्षण रीतीनें. व्हेडरच्या पोशाखांतील नट डेव्हिड प्राउज यानें चित्रण होतांना निराळेंच वाक्य उच्चारलें. त्यांत पित्याचा मारेकरी ओबी-वान ठरत होता. खरें वाक्य मागाहून जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजांत बसविण्यांत आलें. ल्यूकचें काम करणाऱ्या मार्क हॅमिलला तें चित्रणाच्या थोडेंच आधीं दिग्दर्शक कर्श्नर यांनीं सांगितलें. आणि खुद्द जोन्सनें तें प्रथम वाचलें तेव्हां त्याची समजूत झाली कीं व्हेडर खोटें बोलत आहे. प्रेक्षकांपैकीं अनेकांनींहि पुढचीं तीन वर्षें हीच उपपत्ति उराशीं धरली. तींत चातुर्यापेक्षां आशा अधिक होती.

हें कळल्यावर पहिला चित्रपट पुनः पाहावा. ल्यूकची काकू म्हणते कीं पोरांत बापाचा अंश फार उतरला आहे. काका म्हणतो कीं त्याचीच तर भीति वाटते. सन १९७७ मध्यें याचा अर्थ, पोरगा बापासारखा लढावयास जाईल, एवढाच होता. आतां त्याच दोन वाक्यांनीं अंगावर कांटा येतो. बाप कसा मेला, असें ल्यूक विचारतो तेव्हां ओबी-वान किंचित् थबकून उत्तर देतो. अ‍ॅलेक गिनेसचें तें थबकणें केवळ एका मुरलेल्या नटाचा विराम असेल. पण आज ती एका वृद्धाची खोटें बोलण्यापूर्वींची घालमेल झालेली आहे. न पेरलेलें उगवलें, तें असें. आणि मुख्य गोष्ट ही, कीं बाप कोण हें कळल्यानें ल्यूकचा प्रश्न सुटला नाहीं. तो तेथून सुरू झाला. असल्या बापाचें मुलानें काय करावें, हा तो प्रश्न. आणि सन १९८३ च्या चित्रपटांतील जें कांहीं उत्तम आहे तें सर्व त्या प्रश्नाचें आहे.

दुर्दैव असें कीं या यशाचा भलताच धडा घेतला गेला. रक्ताचें नातें उघड केलें म्हणजे प्रेक्षक चकित होतो, एवढेंच सर्वांनीं लक्षांत ठेविलें. सन १९८० मध्यें योडानें आणखी एकाचा उल्लेख करून ठेवला होता. सन १९८३ मध्यें तो ‘आणखी एक’ म्हणजे राजकन्या लेया, ल्यूकची जुळी बहीण, असें उत्तर आलें. सुटा धागा बांधला गेला खरा. पण मागल्या चित्रपटांत त्या दोघांचें एक चुंबन राहून गेलें होतें. तें दृश्य जवळ आलें कीं आमच्या घरांतील वडील मंडळी अद्याप चहाच्या निमित्तानें उठून आंत जातात. एवढी अफाट आकाशगंगा, परंतु महत्त्वाचीं माणसें सगळीं एकाच वाड्यांतलीं, अशी ही स्थिति झाली.

या पार्श्वभूमीवर सन २०१५ मध्यें जे. जे. एब्रम्स यांचा ‘द फोर्स अवेकन्स’ आला. एब्रम्स यांनीं सन २००७ मधील एका व्याख्यानांत एक पेटी श्रोत्यांस दाखविली होती. लहानपणीं जादूच्या सामानाच्या दुकानांतून घेतलेली, वर मोठें प्रश्नचिन्ह असलेली ही पेटी त्यांनीं कधींच उघडली नाहीं. बंद आहे तोंवरच तिच्यांतील शक्यता अमर्याद, असें त्यांचें म्हणणें. फळीवर ठेवलेल्या पेटीपुरतें हें गोड आहे. पण कथाकारानें अशा पेट्या रंगमंचावर ओळीनें मांडल्या, तर त्या उघडण्याची जबाबदारी कोणाची ? रे हिला लहानपणीं एका वाळवंटी ग्रहावर कोण सोडून गेलें ? ल्यूकचें हरवलेलें प्रकाशखड्ग एका वृद्धेच्या तळघरांत कसें आलें ? (हा प्रश्न एका पात्रानेंच विचारला, तेव्हां ती वृद्धा तो पुढच्या वेळेवर ढकलते ! इतकी निर्भीड उधारी आम्हीं क्वचितच पाहिली आहे.) नवा सर्वसत्ताधीश स्नोक कोठून उपटला ?

भक्त तुटून पडले. सन २००५ च्या चित्रपटांत पॅल्पटीन नाट्यगृहांत ज्याची कथा सांगतो तो मृत्यूवर ताबा मिळविणारा प्लेगस म्हणजेच स्नोक, असें पुष्कळांनीं ठरविलें. रे हिला जो आभास होतो, त्यांत ओबी-वानचा आवाज तिला हांक मारतो. तो आवाज गिनेसच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतील एका इंग्रजी शब्दाचा तुकडा कापून मिळविलेला आहे, हें कळल्यावर तर आमच्या भाच्याचा पक्ष फारच बळावला. ती तलवार खुपसते ती पद्धत पॅल्पटीनची, म्हणून ती त्याची नात, असेंहि एक मत तेव्हांच निघालें होतें. तें ऐकून आम्ही सर्व मिळून हंसलों होतों, हें येथें नमूद करून ठेवतों.

या साऱ्या तर्कयुद्धांत एक गोष्ट कोणाच्या ध्यानांत आली नाहीं, ती ही कीं कोडें घालणारालाच उत्तर ठाऊक नव्हतें. रे हिचें काम करणाऱ्या डेझी रिडली या नटीनें सन २०२० मध्यें सांगितलें, कीं आरंभीं ओबी-वानशीं नातें जोडण्याचा विचार होता, मग ती कोणाचीच नाहीं असें ठरलें, मग पॅल्पटीन आला, आणि शेवटच्या चित्रपटाचें चित्रण चालू असतांहि तें डळमळतच होतें. यावर कोणी म्हणेल, सन १९७७ मध्यें ल्यूकसला तरी काय ठाऊक होतें ? आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. ल्यूकसला उत्तर ठाऊक नव्हतें, पण त्यानें प्रश्नहि विचारला नव्हता. आपल्याला ठाऊक नाहीं ही गोष्ट त्यानें तिकीट लावून विकली नव्हती. न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर अंगावर येऊन आदळतें. दोन वर्षें विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराची मात्र परीक्षकाप्रमाणें तपासणी होते.

सन २०१७ मध्यें रायन जॉन्सन यांच्या ‘द लास्ट जेडाय’चें असेंच झालें. त्यांत कायलो रेन हा प्रतिनायक रे हिच्याकडूनच तें वदवून घेतो: तुझे आईबाप कोणी नव्हते, भंगार विकणारीं क्षुद्र माणसें, ज्यांनीं दारूच्या पैशांसाठीं तुला विकलें. रे रडते, कारण हें तिला आधींपासून ठाऊक आहे. स्नोक तर त्याआधींच, कोण होता हें न सांगतां, मध्यावर कापला जातो. आमच्या भाचीनें चित्रपटगृहाबाहेर येतांच, आपल्याला फसविलें, असें जाहीर केलें. आणि आम्हांलाहि तीन-चार दिवस तसेंच वाटत होतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आमची उपपत्ति चुकली होती, आणि चुकलेल्या उपपत्तीचा राग आम्ही चित्रपटावर काढीत होतों. या चित्रपटांत दोष आहेत. जुगाराच्या नगरींतील तो लांबलचक फेरफटका आमच्यानें पुनः पाहवत नाहीं. परंतु हा प्रसंग त्यांतला नव्हे. जॉन्सन यांनीं आपली विचारसरणी स्पष्ट सांगितली आहे: ल्यूकला ऐकावयास सर्वांत कठीण असें उत्तर व्हेडर हें होतें, रे हिला सर्वांत कठीण उत्तर, ‘कोणीच नाहीं’, हें आहे. आतां २०१५ चा चित्रपट पुनः पाहावा. वाळवंटांतील एका मोडक्या यंत्राच्या पोटांत ती पोर भिंतीवर दिवसांच्या रेघा ओढते, आणि आपल्या माणसांची वाट पाहावयाची म्हणून तो ग्रह सोडावयास तयार होत नाहीं. त्या रेघा प्रथम पाहतांना आम्हीं त्यांत धागादोरा शोधला होता. उत्तर कळल्यावर त्यांत एका पोरीनें स्वतःला रोज सांगितलेलें खोटें दिसतें. भिंत तीच, पण आतां ती पाहवत नाहीं.

कित्येकांचें म्हणणें असें, कीं ही माला मुळांतच एका कुळाची कथा आहे, तींत अकुलीन नायिका विजोड. ज्यांना असें वाटतें त्यांना आम्ही विचारतों, कीं या कुळाचा मूळ पुरुष कोण ? सन १९९९ च्या चित्रपटाप्रमाणें तो एका गुलाम स्त्रीचा बिनबापाचा मुलगा. आणि सन १९७७ च्या प्रेक्षकांनीं ज्याला डोक्यावर घेतलें तो ल्यूक त्यांच्या दृष्टीनें एक शेतावरचा पोरगाच होता. कुळ मागाहून आलें.

सन २०१९ च्या ‘द राइझ ऑफ स्कायवॉकर’मध्यें एब्रम्स परत आले, आणि सन १९८३ मध्यें खोल विवरांत फेंकला गेलेला पॅल्पटीनहि परत आला, कसा, हें पात्रांनाहि नीटसें सांगतां येत नाहीं. रे ही त्याची नात ठरली. आम्ही ज्यावर हंसलों होतों तें मत जिंकलें, आणि जिंकणाऱ्यांपैकींहि फारसें कोणी आनंदलेलें आमच्या पाहण्यांत आलें नाहीं. कारण मागचें घटलें. रे हिचे आईबाप दारूसाठीं तिला विकणारे नव्हेत, तर तिला आजोबांपासून लपविण्यासाठीं स्वतःहून ‘कोणीच नाहीं’ झालेलीं थोर माणसें निघालीं. म्हणजे त्या रेघा ओढणाऱ्या पोरीला जें उमजलें होतें, जें उच्चारतांना ती रडली होती, तें निव्वळ माहितीची चूक होतें. आणि तिच्या अंगीं जें सामर्थ्य दिसत होतें त्याचा उलगडा झाला: तें आजोबांचें. पहिल्या दोन चित्रपटांत तिनें स्वतः काय मिळविलें, हा प्रश्नच उरला नाहीं.

येथें आम्हांस कर्णाची आठवण होते, आणि ती उगाच होत नाहीं. जन्मरहस्याची एवढी मोठी कथा आपल्या वाङ्मयांत दुसरी नाहीं. परंतु व्यासांनीं तिचें कोडें केलें नाहीं. कर्ण कोणाचा, हें वाचकाला आदिपर्वांतच कळतें. न कळलेला असतो तो फक्त कर्ण, आणि ज्यांच्याशीं त्याला लढावयाचें ते त्याचे भाऊ. त्यामुळें वाचक ‘हा कोणाचा’ असें विचारीत बसत नाहीं. ‘याला कळेल तेव्हां हा काय करील’ हें तो श्वास रोखून पाहतो. उद्योगपर्वांत श्रीकृष्ण त्याला सांगतो, राज्य पुढें ठेवतो, ज्येष्ठपणा पुढें ठेवतो. आणि कर्ण तें ऐकून घेऊन जेथें होता तेथेंच राहतो. जन्म कळला, आणि सूताच्या घरीं वाढलेल्या माणसाची किंमत त्यानें तसूभरहि बदलली नाहीं. ल्यूकसनें महाभारत वाचलें असावें असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि सन १९८० मधील त्याची पकड याच जातीची होती.

शेवटच्या चित्रपटाच्या अखेरीस रे ल्यूकच्या ओसाड पडलेल्या जुन्या घरीं येते. वाटेनें एक म्हातारी जात असते. ती थांबून, तूं कोण, असें विचारते. रे आपलें नांव सांगते. तेवढ्यानें म्हातारीचें समाधान होत नाहीं. कोणांपैकीं, हेंहि तिला हवें असतें. तेव्हां रे क्षितिजाकडे पाहते आणि स्कायवॉकर हें आडनांव लावून उत्तर देते. पॅल्पटीनचें आडनांव तिनें टाकलें, हें चांगलेंच. पण नुसतें ‘रे’ म्हणून ती गप्प राहिली असती, तर त्या म्हातारीनें काय केलें असतें, हें पाहावयास आम्ही तिकिटाचे पैसे पुनः दिले असते.

सन २०१७ च्या चित्रपटाच्या शेवटीं एक लहान पोरगा आहे. श्रीमंतांच्या पागेंतला तो गुलाम पोर खेळ संपल्यावर कामाला उठतो, हात पुढें करतो, आणि भिंतीशीं टेकलेला झाडू आपण होऊन त्याच्या हातांत येतो. मग तो अंगण झाडूं लागतो आणि आकाशाकडे पाहतो. पुढच्या चित्रपटांत तो दिसतच नाहीं. आमच्या भाचीनें मात्र तो कोणाचा असावा याविषयीं एक उपपत्ति तयार ठेविली आहे, आणि येत्या रविवारीं ती आम्हांस ऐकावयाची आहे.